भावजींची पाठ

आमचे जनार्दन भावजी कधी उताणे झोपले नाहीत. मी लग्न होऊन विचुंब्याला आले तेव्हा हे माझे धाकटे दीर अजून शाळेत. दुपारी ओटीवर कुशीवर पडलेले असायचे. विचारलं तर म्हणाले, "वहिनी, पैलवानानं पाठ टेकवली की कुस्ती संपली. मंग सवय कशाला लावाची?" आता सांगा, झोपेत कोण येतंय पाडायला!

आणि नुसती कुस्तीच नव्हे हो. गावच्या कबड्डीत पहिली चढाई त्यांची, व्हॉलीबॉलला जाळीशी तेच, शर्यतीतही पुढे तेच. सासूबाई करवादायच्या, "एक काय ते धर रं!" शेवटी कबड्डीतच गुडघा गेला आणि एकेक खेळ सुटला. मी रडले. ते म्हणाले, "गुडघा गेला, मान शाबूत हाय." पुढे पनवेलच्या एका कॉलेजात कुस्तीचे कोच झाले. मुलांना मान आणि टाचांवर अंग तोलून कमान करायला लावायचे आणि ओरडायचे, "जीव सोड, पाठ टेकवू नको!" सराव संपल्यावरही तिथं कुणी उताणं पडायचं नाही. दमलात? कुशीवर व्हा.

मागच्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं. मांडीतून नळी घालून तपासणी झाली. डॉक्टरांनी बजावलं, पाय न हलवता उताणं पडून राहा, वळलात तर रक्त थांबायचं नाही. पण जरा डोळा लागला की हे कुशीवर! चादर लाल झाली. नर्स ओरडली, मी हात जोडले. तर म्हणतात, "मेल्यावर टेकवीनच की, वहिनी. अंगाला सवय हाय, काय करू?"

तेवढ्यात नसीम आली. जिच्या बापाच्या दुकानात रोज चहाला जाऊन, त्याला पटवून, भावजींनी जिला तालमीत आणलं होतं, ती. तिनं चादर बघितली. ओढणी कमरेला बांधली आणि वॉर्डाच्या फरशीवर सपशेल उताणी पडली.

"लो सर, मी झाले चित. आता तुमची पाळी."

"ऊठ येडे, लोकं बघतात."

"तुम्ही टेकवा. मग उठते."

भावजी तिच्याकडे बघत राहिले. मग डोळे मिटून हळूहळू पाठ टेकवली. त्यांना गाढ झोप लागेपर्यंत पोरगी फरशीवरून हलली नाही.

तेव्हा वाचले. यंदा शिमगा झाला आणि गेले. घरीच, झोपेत, कुशीवर. माणसांनी त्यांना अंगणात आणून उताणं ठेवलं, तशी त्यांच्या तालमीतल्या त्या दांडग्या पोरापोरींनी एकदम माना फिरवल्या. म्हातारे रागावले, "शेवटचं बघून घ्या रे, तोंडं कशाला फिरवताव?" मी म्हटलं, "राहू द्या त्यांना."

नसीम तेवढी जवळ आली, खाली बसली, त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. तिच्यासमोर त्यांनी पाठ आधीच एकदा टेकवली होती.