रंगुबाई चढली कौलांवर

देवळाली प्रवरेच्या शिवारात रंगुबाईचं आयुष्य वाकून गेलं. ऊस खुरपायचा तो वाकून, कांदे लावायचे ते वाकून. मान वर व्हायची ती ढग आलेत का बघायला. अशा बाईला खाजाभाई सुतारानं फळ्यांना तेल लावायच्या कामावर बोलावलं. तिचा नवरा रामहरी त्याचा जुना दोस्त.

"वहिनी, सावलीत बसायचं आन् ब्रश फिरवायचा. दुसरं काय न्हाई."

घर पंकजाताईंचं. नगरला वकिली करणाऱ्या पंकजाताईंनी सुट्टीत राहायला मळ्यात उतरत्या कौलांचं घर बांधलं होतं. त्या कौलांतून पोटमाळ्याची एक खिडकी बाहेर निघाली होती, स्वतःचं छोटं छप्पर घेऊन. तिचा लाकडी सांगाडा उभा होता, त्यावर पाणी अडवणारा कागद ताणून उभ्या पट्ट्या ठोकल्या होत्या. आता बाहेरून सागवानी फळ्या बसवायच्या राहिल्या होत्या.

नेमका त्या दिवशी खाजाभाईचा जोडीदार बजरंग घोडेगावच्या बाजारात म्हैस बघायला गेला. लांब फळी एकट्याला धरवेना.

"वहिनी, जरा एक टोक धरता का?"

"धरते की. कुठंय?"

खाजाभाईनं वर बोट दाखवलं.

रंगुबाईनं कासोटा आवळला आणि शिडी चढली. निम्म्यात तिनं डोळे मिटले. 'देवा, पोचव' म्हणत ती बांबूंच्या परांचीवर उभी राहिली, आणि डोळे उघडले तर काय! हिरवागार ऊस खाली अंथरलेला, कालवा चकाकतोय, शुगर फॅक्टरीची चिमणी बोटाएवढी. आणि पलीकडे तिचंच घर!

"अगं बाई! खाजाभाई, आमचं घर! आमची शेळी! आन् ती..." तिनं डोळे बारीक केले. "ती माझं लुगडं खातीया!"

तिनं कमरेचा मोबाईल काढला. अंगणातल्या बाजेवर रामहरी आडवा झाला होता.

"अवं, उठा! शेळी लुगडं खातीया."

रामहरी धडपडून उठला. "तुला कसं कळलं?"

"मला समदं दिसतंय. आदी चप्पल घाला. न्हाई, ती उलटी हाय."

रामहरीनं दचकून आभाळाकडं पाहिलं. वरून हे बघून रंगुबाई अशी हसली, की खाजाभाईही हसला, आणि दोघांच्या हसण्यानं परांची करकरायला लागली.

मग काम सुरू झालं. पहिली फळी सगळ्यात खाली, पुढची तिच्या काठावर चढवून, म्हणजे पाऊस बाहेरच्या बाहेर ओघळेल. खिडकीच्या बाजूच्या तिकोनी भिंतीला कौलांच्या उताराप्रमाणे तिरपी कापलेली फळी लागायची, आणि तीही कौलांपासून दोन बोटं वर; टेकली तर भिजून कुजणार. एक फळी खाजाभाईनं नेमकी उलट्या तिरप्यात कापली. ती लावून पाहताच दोघं पुन्हा खो खो हसले.

तेवढ्यात रामहरी अर्धं लुगडं हातात घेऊन पळत आला.

"खाली ये! हाडं मोडशील!"

"तुमीच वर या. लई भारी वाटतं!"

रामहरी थोडा चढला, शिडीला मिठी मारून डोळे मिटून उभा राहिला, आणि तसाच उतरला. नंतर मात्र त्यानं दोरीला बादली बांधून चहा वर पाठवला.

दिवस कलता कलता पंकजाताई आल्या. माळ्यावर जाऊन त्यांनी हौसेनं खिडकी उघडली, तर समोर रंगुबाई भाकरी खात बसलेली.

"या ताई, जेवायला."

ताईंनी खिडकीतूनच हात बाहेर काढला. रंगुबाईनं चतकोर भाकरीवर ठेचा ठेवून दिला.

तेव्हापासून खाजाभाईच्या प्रत्येक उंच कामावर रंगुबाई असते. तिनं बूट घेतले, निळे. बजरंगनं घेतलेली म्हैस लई दूध देते, त्यामुळं त्याचीही तक्रार नाही.

फक्त घरी पाहुणा आला आणि "वहिनी कुठंयत?" म्हणाला, की रामहरी शांतपणे सांगतो, "वर गेली." पाहुणा बिचारा टोपी काढतो. रामहरी त्याला थोडा वेळ हळहळू देतो, आणि मग चहा ठेवायला उठतो.