जावेची गाडी

थोरली लग्न होऊन आली आणि दोन वर्षांत नवऱ्यानं अंथरूण धरलं. तिनं पदर खोचला, घराच्या खालच्या खोलीत पिठाची गिरणी टाकली. त्या दळणावर घर चाललं, धाकटा दीर शिकला, त्याचं लग्नही झालं. गल्ली तिला गिरणीकाकू म्हणायची. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "थोरली म्हणजे आमच्या घराचा खांब." ते ऐकून खांब मनातल्या मनात दोन बोटं उंच व्हायचा.

मग धाकटीनं, म्हणजे दिराच्या बायकोनं, विजेवरची चारचाकी गाडी घेतली.

पांढरीशुभ्र, आवाज म्हणून नाही. गिरणीच्या दाराशेजारीच ती उभी राहायची आणि भिंतीवर तिच्यासाठी चार्जर बसला. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे गाडी धड दिसतही नव्हती. तरी पुढं बसून एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "पोटातलं पाणी हललं नाही गं! धाकटीनं घराचं नाव काढलं."

थोरलीच्या हातातली चाळणी थांबली. इतकी वर्षं मी काय झोपा काढल्या, हे ओठांवर आलेलं तिनं गिळलं. पण गिळलेलं पचलं नाही.

संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं डबे घेऊन गिरणीशी गर्दी करायची. नेमकी तेव्हाच बँकेतून परतलेली धाकटी गाडीला वायर लावायची. गिरणीतला दिवा पिवळा पडायचा, गिरणीची मोटार दम लागल्यासारखी घुमायची, पीठ जाडंभरडं पडायचं.

"तुझी गाडी माझी गिरणी पिऊन टाकते," थोरली एकदा म्हणाली.

"वहिनी, मीटर वेगळे आहेत आपले," धाकटी हसून जिना चढली.

ते हसणं थोरलीला मिरचीसारखं झोंबलं. दुसऱ्या दिवशी तिनं हळूच चार्जरचं बटण बंद केलं. गंमत म्हणजे दिवा पिवळाच राहिला, मोटारही तशीच घुमत राहिली. तरी तिला गार वाटलं. मग ते रोजचंच झालं. धाकटी जिना चढली की बंद, गिरणी मिटताना चालू. कोणाला पत्ता नाही.

एकदा सासूबाई गिरणीत येऊन बसल्या. "उद्या डोळ्याचं ऑपरेशन. धाकटी नेणार आहे गाडीतून. तू कशाला दळण बुडवतेस?"

त्या दिवशी गिरणी मिटताना थोरली बटणापाशी थांबली. हात पुढं गेला, आणि तसाच मागं आला. नेऊ दे की, बघू कशी नेते, असं म्हणून ती झोपायला गेली.

सकाळी सासूबाई उपाशीपोटी, नवं पातळ नेसून गाडीत बसल्या. धाकटीनं गाडी सुरू केली आणि तिचा चेहरा उतरला. आदल्या दिवशी बँकेच्या कामानं लांब जाऊन आल्यामुळं बॅटरी तळाला गेली होती, आणि रात्री भरलीच नव्हती. दवाखाना लांब, दुसरं वाहन मिळेपर्यंत नंबर गेला. म्हातारी डोळे पुसत परत आली. "माझ्या नशिबातच उजेड नाही गं," म्हणाली.

समोरच राहणाऱ्या वायरमनला धाकटीनं बोलावलं. त्यानं भिंतीवरचा चार्जर तपासला. "चार्जर ठणठणीत आहे. बटण बंद होतं."

बटणावर पिठाची बोटं उमटली होती. धाकटीनं ती पाहिली, मग थोरलीकडे पाहिलं. वायरमननं खाली मान घातली.

"मीच केलं," थोरली म्हणाली. "व्होल्टेजसाठी नाही. जळफळाट झाला माझा. आईंसाठी राबले मी, आणि नाव तू काढलंस."

धाकटीचे डोळे भरले, पण रागानं. "माझ्यावर राग होता ना? मग आईंना का उपाशी बसवलंत?"

थोरलीनं पदरानं बटणावरची पिठाची बोटं पुसून टाकली.

चार दिवसांनी वायरमनच गिरणीत आला. "काकू, एकट्या तुमच्या जावेची गाडी नाही. मागच्या गल्लीत सहा-सात गाड्या झाल्यात. सगळे घरी आल्या आल्या लावतात, त्याच वेळी पंखे, शेगड्या, तुमची गिरणी. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर एकटा कुठं कुठं पुरणार? रात्री सगळे झोपले की तोच रिकामा बसतो."

हे धाकटीनं जिन्यातून ऐकलं. तिनं तिथंच मोबाईलवर चार्जिंगची वेळ लावून टाकली. आता गाडी मध्यरात्रीनंतरच वीज घेणार. वायरमननं बाकीच्यांनाही तसंच सांगितलं. गिरणी सुधारली. आणि गल्ली म्हणू लागली, धाकटी किती समजूतदार! थोरलीला पुन्हा झोंबलं.

ऑपरेशनची नवी तारीख मिळाली. "वहिनी, तुम्ही चला. मला एकटीला धीर होत नाही," धाकटी म्हणाली. थोरलीनं गिरणीला कुलूप घातलं आणि पहिल्यांदा त्या गाडीत बसली. पोटातलं पाणी खरंच हललं नाही. तिनं तसं कबूल मात्र केलं नाही.

पट्टी निघाल्यावर सासूबाईंनी दारात उभं राहून गाडी डोळे भरून पाहिली. "हीच का ती? अगं, ही तर कपाट आडवं केल्यासारखी दिसते!"

धाकटी खो खो हसली. थोरलीही हसली, जावेपेक्षा जरा जास्तच वेळ.