तिबिलिसीतील राजपुत्राचा नकाशा आणि आमचे बुडालेले गाव

निघण्याच्या आदल्या आठवड्यात मी वडिलांसमोर एक नकाशा ठेवला. आमचे गाव कोयनेच्या धरणाच्या पाण्याखाली गेल्यापासून नाना बंगळुरात, के. आर. पुरमच्या माझ्या घरी असतात. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या हयातीत गाव कागदावर उतरावे, म्हणून मोजणी खात्याच्या नकाशावरून मी प्रत्येक बांध प्रमाणशीर काढला होता. नानांनी तो बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "झ्याक काढलंस. पण गाव कुणाचं रे?"

तो प्रश्न बरोबर घेऊनच मी माझ्या कारखान्याच्या शिष्टमंडळाबरोबर सोव्हिएत जॉर्जियाला निघालो.

दिल्लीहून विमानाने ताश्कंद, मॉस्को आणि तेथून दक्षिणेला तिबिलिसी. खर्च सरकारी, पदरचे पैसे केवळ लोकरी मोज्यांना लागले. मॉस्कोसाठी ते अवश्य घ्यावेत. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. चीज भरलेली गरम रोटी, राजमा आणि अक्रोडाचे वाटण लावलेली वांगी सर्वत्र मिळतात. माझे सहकारी, निपाणीचे पाटील, पहिल्याच घासाला म्हणाले, "अण्णा, ही तर भरली वांगी! स्वल्प तिखट असतं, तर हितंच ऱ्हायलो असतो बघा."

तिसऱ्या दिवशी दुभाषी नीनो आम्हांला जुन्या हस्तलिखितांच्या दालनात घेऊन गेली. तिची हिंदी माझ्यापेक्षा शुद्ध होती. अठराव्या शतकात येथील एका राजपुत्राने कारभार पाहत असताना कायद्यांची संहिता सिद्ध केली. तीत स्वदेशाचे कायदे होतेच, शिवाय ग्रीक, आर्मेनियन आणि ज्यूंच्या मोझेसचेही.

"मग न्यायाधीशाने नेमका कोणता धरायचा?" मी विचारले.

"पटेल तो."

"आणि उरलेले?"

"राहू द्यायचे. खोडायचे कशाला?"

मी वहीत प्रश्नचिन्ह काढले.

पुढे हा राजपुत्र राजा झाला, राज्य गमावून रशियात गेला. त्याच्या मुलाने मॉस्कोत बसून साऱ्या जॉर्जियाचा भूगोल लिहिला, नकाशे काढले. कोणत्या खोऱ्यात कोणते फळ, पाणी कसे, माणसे कशी, हेही लिहिले.

"माणसांचा स्वभाव हा भूगोल कसा?"

"तो इथे परत आलाच नाही, साहेब," नीनो म्हणाली. "नुसते डोंगर नेऊन काय करणार होता?"

दुसरे प्रश्नचिन्ह.

चौथ्या दिवशी जॉर्जियाच्या जुन्या राजधानीला गेलो. मोटारीने अर्धा तास. तेथे दोन नद्यांचा संगम आहे. दोन रंगांचे पाणी बरेच अंतर शेजारी शेजारी वाहते. कऱ्हाडचा संगम आठवला. नीनोच्या बोलण्याचा अर्थ मात्र उलगडला नाही.

घरी परतल्यावर कोरा कागद घेऊन नानांपुढे बसलो. बांध विचारले नाहीत.

"नाना, विहिरीचं पाणी कसं होतं?"

"साखर!"

स्वयंपाकघरातून आत्या, नानांची धाकटी बहीण, कडाडली, "साखर कसली, दादा? डाळ शिजायची नाही त्यात!"

"तुझा जाळ कमी पडायचा."

"लिहिलंस का रे ते साखर? खोड आधी!" आत्याने मला बजावले.

मी खोडले नाही. दोन्ही लिहिले. नानांच्या मते वरच्या आळीची माणसे मानी. आत्याच्या मते भांडखोर. तेही दोन्ही. दिवेलागणीपर्यंत कागद भरला. नकाशाचे प्रमाण लिहायला जागाच उरली नाही.

नानांनी तो डोळ्यांजवळ धरून अक्षर न् अक्षर वाचला.

"हां," ते म्हणाले. "हे आपलं."

कसे, ते मला आजही कळलेले नाही. मोजणीवरून काढलेला नकाशा कपाटात आहे. पुन्हा तपासला. त्यात एकही चूक नाही.