गोपसाईंची बिघडलेली पँट

गोपसाईंच्या अंगावर मी कधी धड पँट पाहिली नाही. माणूस जीन्सच्या कारखान्याचा मालक, रोज ढिगाने माल शिवून घेणारा, आणि स्वतः मात्र एक खिसा कमरेपाशी आणि दुसरा मांडीवर अशा अवतारात फिरायचा. उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये त्यांचा कारखाना होता. मी नोकरी मागायला गेले त्या दिवशी त्यांच्या पँटचा एक पाय घोट्याच्या वर होता. मला वाटलं, ज्याला स्वतःची पँट सांभाळता येत नाही तो कारखाना काय चालवणार.

आठवडाभरात उलगडा झाला. जो माल साईंच्या स्वतःच्या चुकीने बिघडायचा, त्यातला एक नग ते घरी नेत आणि चांगले आठ दिवस वापरत. कुणी विचारो न विचारो, अकराच्या चहाला स्वतःच सांगायचे, "ही बघा माझी अक्कल. मास्तरने माप बरोबर दिलं होता, मीच फोनवर बोलता बोलता बदललं." त्यांचं मराठी असंच होतं, सिंधी-हिंदीच्या वाटेने येणारं. कामगाराच्या हातून बिघडलेला नग मात्र ते कधी घालत नसत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तुझी अक्कल मी कशाला घालू? मला माझीच पुरते."

हळूहळू हे लोण आमच्या सगळ्या कारखान्यात पसरलं. आमचे कटिंग मास्तर अन्सारीभाई, त्यांच्या हातून कापड वाया गेलं की कात्री टेबलावर ठेवून जाहीर करायचे, "आज का साईं मैं हूँ." सगळे हसायचे आणि कामाला लागायचे. शेजारच्या कारखान्यांत बिघडलेला माल माळ्यावर नाहीतर मशीनखाली सापडायचा. आमच्याकडे तो आपल्या पायाने टेबलावर यायचा.

म्हणून साईंना संत वगैरे समजू नका. भारनियमनाच्या दिवसांत वीज जायची वेळ जवळ आली की त्यांचा पारा असा चढायचा की समोर जायची कुणाची छाती होत नसे.

अशाच एका दिवशी माझ्या हातून घोटाळा झाला. जीन्सच्या कापडाच्या दोन थानांचा, म्हणजे ताग्यांचा, निळा रंग कधी तंतोतंत जुळत नाही. म्हणून कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर थानाचा नंबर चिकटवायचा आणि एका पँटला एकाच थानाचे तुकडे लावायचे. हे काम माझ्याकडे होतं. मी सुपरवायझर झाले म्हणून आईने आमच्या बेलवलीच्या बुद्धविहारात खीर वाटली होती, त्याला महिनाही झाला नव्हता. त्या दिवशी नंबरांचे स्टिकर संपले. साईंना सांगितलं तर ओरडतील, म्हणून मी एक अख्खा ढीग नुसत्या नजरेच्या अंदाजाने जुळवून पुढे ढकलला.

कोऱ्या कापडात फरक दिसत नाही. शिवलेला माल शहाडच्या धुलाई कारखान्यातून धुऊन आल्यावर दिसला. एक पाय गडद, एक फिका. धुलाईतच रंग गेला असं समजून साईंनी उभ्या उभ्या धुलाईवाल्या लालजीभाईंना फोन लावला आणि त्यांना वाट्टेल ते बोलले. "कल से मेरा माल तेरे पास नहीं आएगा," असं म्हणून फोन आपटला.

मी तिथेच उभी होते. गप्प राहिले असते तर कुणाला पत्ता लागला नसता, नोकरीही टिकली असती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी गप्प राहिलेही, याची मला आजही लाज वाटते. डबा उघडला आणि तसाच बंद केला. शेवटी केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगून टाकलं.

साईंनी टेबलावरचा दुरंगी नग उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "चल, रिक्षा पकड." मला वाटलं, हे मला स्टेशनवर सोडतायत, कायमचं.

रिक्षा निघाली ती थेट लालजीभाईंकडे. साईं दारातूनच म्हणाले, "लालजी, मैंने बिना देखे बोल दिया. तेरी धुलाई सही थी. गलती मेरे कारखाने की."

"नंबरिंग किसका था?" लालजीभाईंनी विचारलं.

"बोर्ड पे नाम किसका है?" साईं म्हणाले.

मला राहवलं नाही. "माझं काम होतं ते," मी म्हणाले. लालजीभाईंनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं, चहा मागवला आणि सगळा माल काळ्या रंगात बुडवून द्यायचं कबूल केलं.

परतताना साईंनी विचारलं, "स्टिकर संपले, तर मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही रागात होता."

दुसऱ्या दिवशी साईं एक पाय गडद आणि एक फिका, अशी पँट घालून आले. अकराच्या चहाला म्हणाले, "पोरगी मला घाबरली. ही माझी अक्कल." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याच क्षणी या माणसाबद्दल वडिलांबद्दल वाटावी तशी माया वाटली.

त्यांचा राग काही गेला नाही. फक्त त्यानंतर ओरडण्याआधी ते बजावायचे, "मी आता ओरडणार आहे, पण तू सांगत राहा."

पुढे मी अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन बघायला लागले. साईं आता नाहीत. ते जायच्या काही महिने आधी मी त्यांना फोन केला होता, खरं तर बढाई मारायलाच. आमच्याकडे गाडीत माल चढत असताना एक नवी मुलगी धावत आली होती, "मॅडम, गाडी थांबवा, माझ्याकडून बटणं चुकीची लागलीयत."

"तू ओरडलीस?" साईंनी विचारलं.

"ओरडले की."

"मग ती?"

"ती म्हणाली, 'झालं तुमचं? आता बॉक्स उतरवू का?'"

साईं खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "बेटा, तू माझ्या केबिनमध्ये आलीस ना, तेव्हा दारातच उभी होतीस, पळायच्या तयारीत. मी बघितला होता." पुन्हा खोकून म्हणाले, "तुझा कारखाना माझ्यापेक्षा चांगला चाललाय."