ताईच्या पोह्यांतलं मीठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या कारखान्याच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड मी पोह्यांच्या एका बशीवर देऊन टाकला होता. (पोहेही आमचेच.)

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बोईसरच्या त्या रंगाच्या कारखान्यात एकच कॉम्प्युटर होता आणि तो मी सांभाळत असे. आत थंड हवा, दाराशी चपला काढायच्या. देवघरच ते, आणि पुजारी मी. पासवर्ड खुद्द मॅनेजरसाहेबांनाही सांगत नसे.

एका रविवारी चिंचणीला आमच्या घरी एक गृहस्थ आले. "पुतण्यासाठी मुलगी बघतोय," म्हणाले. आईने ताईच्या लग्नाचं सातपाटीच्या मासळीवालीपासून सगळ्यांच्या कानावर घालून ठेवलं होतंच. स्थळ दारात आल्यावर 'तुम्ही कोण' असं विचारतो कोण? ताईने पोहे केले, आईने टोपलीभर चिकू बांधले.

"मुलीचे भाऊ काय करतात?"

मी खुर्ची पुढे ओढली आणि अर्धा तास सांगितलं.

"पण पासवर्ड लक्षात कसा राहतो हो तुमच्या?"

"घरातलाच ठेवायचा. ताईचं नाव आणि तिची जन्मवेळ. जन्मवेळ बाहेरच्याला कशी कळणार?"

"खरंय," ते म्हणाले. "बरं, मुलीची पत्रिका मिळेल?"

"मिळंल की," आई म्हणाली. "दोन हायत. एक तुमाला ठेवा."

सोमवारी कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर अनोळखी बूट. आत तेच गृहस्थ, मोज्यांवर, कॉम्प्युटर उघडून बसलेले! शेजारी मॅनेजरसाहेब. पाहुणे मुख्य कचेरीतून आले होते, आमची कुलुपं किती पक्की आहेत ते तपासायला.

"आणि पुतण्या?" मी विचारलं.

"मला भाऊच नाही," ते जरा ओशाळले. "पोहे मात्र छान होते. मीठ किंचित जास्त."

मग साहेबांकडे वळून म्हणाले, "यांना काढू नका. फक्त यांच्या घरी स्थळं जाऊ देऊ नका."

नोकरी वाचली. घरी आई दारातच उभी. "काय म्हनले रे? पसंत हाय ना?"

खरं सांगावं तर माझीच शोभा. "नाय म्हनले."

"का?"

ऐन वेळी दुसरं काही सुचेना. "पोह्यांत मीठ जास्त झालं."

ताई आत गेली आणि मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवून आली.

पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं, संसार उत्तम झाला. पोहे मात्र तेव्हापासून अळणी ते अळणीच. दर भाऊबीजेला बशी पुढे करून विचारते, "बग रे, जास्त नाय ना झालं?" आणि मी मीठ न मागता ती संपवतो.

माझं तिला देणं एवढंच आहे. ताई, तुला कुणी नाकारलं नव्हतं. मुलगाच नव्हता. आणि मीठ बरोबर होतं.