याको आपाने विमानाला मेण लावलं

दूर उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात, कुस्कोक्विम नदीकाठच्या एका गावात याको पविलाला सगळे आपा म्हणत, म्हणजे आजोबा. वय एकाहत्तर. गावाला रस्ता नव्हता. उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात बर्फावरची गाडी आणि बाराही महिने विमान. आपाकडे चार माणसांचं एक जुनं विमान होतं. त्यातून त्याने बहिणींना मूस हरणाचं मांस पोचवलं होतं आणि एका अडलेल्या बाळंतिणीला शहरात नेलं होतं. ते बाळ आता गावच्या पोस्टात नोकरीला चिकटलं होतं आणि आपाची पार्सलं मुद्दाम उशिरा देत होतं.

विमानातल्या काट्यांवर मात्र आपाचा विश्वास बेताचाच. "काटे शहरातल्या लोकांसाठी," तो म्हणे. "विमान चढतंय की उतरतंय ते मला माझं बूड सांगतं."

"मग परवाना बुडाच्याच नावावर काढ," त्याची बायको ओलिंका म्हणे.

दर दोन वर्षांनी प्रशिक्षकाला सोबत घेऊन उडून दाखवावं लागे. त्याने वहीत सही केली तरच पुढची दोन वर्षं उडता येई. जुना प्रशिक्षक आपाचा दोस्त होता. तो एक फेरी मारून, दोन कप चहा पिऊन सही ठोकी. यंदा तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी अगाफिया आली. पलीकडच्या गावच्या निक मास्तरांची ही मुलगी, वय अठ्ठावीस. आल्या आल्या तिने दोन म्हाताऱ्यांच्या वह्या सही न करता परत दिल्या होत्या.

"सही मिळाली नाही तर विमान विकायचं आणि मोठी बोट घ्यायची," ओलिंकाने ठणकावलं. आपाने मान हलवली, पण रात्रभर त्याला झोप नाही. सकाळी उठून त्याने जन्मात केलं नव्हतं ते केलं. विमान धुतलं, पुसलं आणि नाकापासून शेपटीपर्यंत जाड मेण लावून चकचकीत केलं. शेजारीपाजारी येऊन स्वतःचे चेहरे त्यात बघून गेले.

दुपारी अगाफिया आली. ती विमानाभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "वा आपा! लग्नाला निघालंय का हे?"

"तुझ्यासाठीच नटलंय, पोरी."

खडीच्या धावपट्टीवरून दोघं उडाले. सवयीप्रमाणे आपा नदीकडे बघत होता, काट्यांकडे नाही. झाडं बरीच खाली गेल्यावर अगाफियाने त्याच्या डोक्यावर लांब झापडाची टोपी चढवली. तिच्यातून बाहेरचं काही दिसत नाही, दिसतात फक्त समोरची यंत्रं.

"आता बूड विसरायचं," ती म्हणाली. "काटे वाचा आणि पंधराशे फुटांवर न्या."

आपाने काटे बघितले. उंचीचा काटा एकशे वीस फुटांवर, म्हणजे गावच्या धावपट्टीच्या उंचीवर. चढ-उताराचा काटा शून्यावर. वेगाचा काटाही शून्यावर. काट्यांच्या मते विमान अजून ओलिंकासमोर उभं राहून नुसतं घुरघुरत होतं.

बूड म्हणालं, चढतोय. मग म्हणालं, डावीकडे वळतोय. पण भोवऱ्यावर चालणारं, विमानाचा कल दाखवणारं छोटं यांत्रिक क्षितिज सांगत होतं की पंख सरळ आहेत आणि नाक वर आहे. आपाने श्वास रोखून क्षितिजाचं ऐकलं. थोड्या वेळाने बूड म्हणालं, उजवीकडे वळतोय. पंख तर जागचे हललेही नव्हते. पन्नास वर्षं ज्याचा सल्ला ऐकला ते बूड टोपीखाली ठार वेडं निघालं होतं.

"आपा, उंची किती?"

पंधराशे म्हणून मोकळं व्हावं, असं त्याच्या जिभेवर आलं. आकडा जवळपास बरोबरही निघाला असता.

"एकशे वीस," तो म्हणाला.

"काय?" अगाफिया बाहेरचं आकाश सोडून एकदम काट्यांकडे वळली.

"तीन काटे मेलेत. क्षितिज जिवंत, होकायंत्र जिवंत, इंजिनाचे फेरे ठीक." आपा एकेक शब्द जपून बोलत होता. "मेलेल्या तिघांची नळी एकच. दाराजवळ काडीच्या गुलाएवढं भोक आहे ना, तिथून बाहेरची हवा त्यांना मिळते. आत धावपट्टीवरचीच हवा कोंडलीय. भोक बुजलंय."

"कशाने बुजेल?"

आपाने घसा खाकरला. "मेणाने. मीच लावलंय."

आपाला वाटलं, संपलं. विमानाच्या जागी आता बोट.

"मग आता काय करणार?" तिने विचारलं.

"चढ-उताराच्या काट्याची काच फोडतो. कोंडलेली हवा तिथून सुटेल, नळीला केबिनमधली हवा मिळेल आणि बाकीचे दोघे जागे होतील."

"फोडा."

मासेमारीच्या पिशवीतली पक्कड काढून आपाने काचेवर हाणली. उंचीचा काटा गर्रकन फिरून सोळाशेवर गेला. वेगाचा काटा झोपेतून दचकून उठावा तसा उठला. फुटक्या काचेमागचा काटा मात्र उलटा चालू लागला. विमान उतरायला लागलं की हा वर चढल्याचं सांगे.

"थेट माझा मेव्हणा!" आपा म्हणाला, आणि मघापासून ओठ दाबून बसलेली अगाफिया खो खो हसत सुटली.

खाली उतरल्यावर तिने बोटाने ते भोक चाचपलं. मेण गच्च बसलं होतं. "उडण्याआधीच्या तपासणीत भोपळा," ती म्हणाली. "अर्धा तुमचा, अर्धा माझा. मीपण चकाकीच बघत राहिले. पण वर जे केलंत ते शंभर नंबरी. त्या दोन म्हाताऱ्यांनी मला आकडे ठोकून दिले होते, आपा. म्हणून सही नव्हती दिली." पंखावर वही ठेवून तिने सही केली आणि बजावलं, "नवीन काच बसेपर्यंत मात्र विमान जागचं हलायचं नाही."

काच टपालाने येणार होती, म्हणजे ती त्या पोस्टातल्या बाळाच्या हातात. इकडे नदीत सॅमन माशांची झुंबड सुरू झाली होती. तिसऱ्या दिवशी ओलिंकाने आपली जुनी बोट बाहेर काढली, सुकाणू स्वतः धरलं आणि नवऱ्याला पुढे मिठाच्या पोत्यांवर बसवलं.

"किती वेगाने चाललोय गं आपण?" अर्ध्या तासाने आपाने विचारलं.

"बुडाला विचार."

"त्याला काय कळतंय!" आपा म्हणाला, आणि काठावरची झाडं मोजून वेगाचा हिशेब करू लागला.