आईचा एडिनबरातला फोटो

एडिनबरात पाहुणा आला की त्याला काय काय दाखवायचं, हे आम्हा तिथल्या मराठी मंडळींचं ठरून गेलेलं होतं. आधी किल्ला, मग किल्ल्यापासून राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा जुना दगडी रस्ता, आणि शेवटी कुत्र्याचा पुतळा. प्रत्येक ठिकाणी पाहुण्याला उभं करायचं, फोटो काढायचा आणि संध्याकाळी ईमेलने पुण्याला पाठवून द्यायचा. फोटो गेला नाही तर पाहुणा आलाच नव्हता, असं धरलं जायचं.

आईने मात्र विमानतळावरच सांगून टाकलं, "सगळं दाखव, मी बघेन. पण माझा फोटो काढायचा नाही."

बाबांना जाऊन वर्ष झालं नव्हतं. खरं तर दोघं मिळून येणार होते. दोघांचे व्हिसा आले आणि काही दिवसांतच बाबा गेले, हार्ट अटॅकने. व्हिसाची मुदत संपायच्या आत तू तरी ये, म्हणून मी आईच्या मागे लागले होते. बंद घरात एकटी बसून ती काय करणार होती? पण माझी आत्या, बाबांची बहीण, चार घरी बोलून आली होती, "भाऊ जाऊन वर्ष नाही झालं आणि वहिनी निघाल्या विलायत बघायला!" चार घरी बोललं की पाचव्या घरी आपोआप पोचतं, हे आत्याला पक्कं ठाऊक. मला तिचा असा संताप आला होता!

"आई, इथे तुला कोण ओळखतंय?"

"इथे नाही गं. फोटो तिथे जातो ना."

मला त्या सगळ्या दिवसांतून तिचा एक फोटो हवा होता, एवढंच. बाबा असे अचानक गेल्यापासून मला माणसांचे फोटो जवळ असावेत असं वाटू लागलं होतं. पण आईपुढे कुणाचं चाललंय? रोज मी कॅमेरा बॅगेत घालून निघायची आणि तसाच परत आणायची.

शनिवारी किल्ल्यावर गेलो. नोव्हेंबरातलं एडिनबरा म्हणजे सुतकात असल्यासारखंच. काळवंडलेले दगड, भुरभुर पाऊस, चार वाजता अंधार. समुद्रावरून धुकं आलेलं, त्यामुळे वरून दिसणारं शहर काही दिसेना. आईने बाबांचा कोट घातला होता. या ट्रिपसाठीच त्यांनी तो घेतला होता आणि पुण्यातल्या उकाड्यात घालून आरशासमोर उभे राहिले होते. बाह्या आईच्या बोटांच्याही खाली येत होत्या. बाबा दर रविवारी सिंहगडावर जायचे. एडिनबराचा किल्ला आपल्या गडांपुढे किती टिकतो ते बघून सांगतो, असं ते मला फोनवर म्हणाले होते. आई तटाच्या दगडावर हात ठेवून उभी राहिली.

"ह्यांनी इथेच अर्धा दिवस काढला असता," ती म्हणाली. "पाण्याची सोय कुठे, चोरवाट कुठे. आणि मला म्हणाले असते, तू बस जरा."

तेवढ्यात तोफ झाली. रविवार सोडून रोज दुपारी एकला ती उडते आणि लोक मुद्दाम त्यासाठी थांबतात. आईला आधी सांगायचं मी साफ विसरले होते. ती केवढी दचकली! माझा दंड गच्च धरला, "अगं बाई!" म्हणून ओरडली आणि मग हसत सुटली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाबा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. शेजारचं गोरं जोडपंही हसायला लागलं.

आणि एकदम तिने कोटाची बाही तोंडावर दाबली. मागे वळून बघितलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. हजारो मैलांवर, त्या धुक्यात, आपल्याला हसताना कुणी पाहिलं तर नाही ना, हे ती बघत होती. मला रडू आलं. कॅमेरा बॅगेतच होता.

येताना कुत्र्याच्या पुतळ्यापाशी थांबलो. रस्त्याच्या कोपऱ्यावर दगडी खांब आणि त्यावर बसलेलं छोटंसं झिपरं कुत्रं. मागच्या चर्चच्या आवारात त्याच्या मालकाला पुरलं आणि ते मरेपर्यंत त्या थडग्यापाशी बसून राहिलं, अशी गोष्ट सांगतात. मी ती आईला सांगितली. तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"कुत्रं बसलं तर पुतळा केला," ती म्हणाली. "बाईने बसायचंच असतं."

मग तिने पदर सारखा केला, कोटाची बटणं लावली आणि खांबाला टेकून उभी राहिली. "काढ. याच्याबरोबर काढ. पण वर्ष होईपर्यंत कुणाला पाठवू नकोस."

मी एकच काढला. त्यात ती हसत नाहीये.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी तो फोटो पाठवला. आत्याचा लगेच फोन आला, "छान आलाय हो. वहिनी अगदी शोभेशा दिसतायत. उगाच फिरायला गेल्यासारखं वाटत नाही." मी फोन ठेवून दिला.

दोन वर्षांनी आई गेली. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पुण्यातल्या घरी हॉलमध्ये बाबांच्या शेजारी तिचा फोटो लागला होता, चंदनाचा हार घालून. तोच फोटो. आत्यानेच निवडून मोठा करून आणला होता.

कुत्रं तेवढं कापून टाकलं होतं.